द गॉल, अध्यक्षपद आणि पक्षोपपक्ष

१९५३ सालच्या डिसेंबर महिन्यात व्हर्सायच्या राजवाड्यात फ्रान्सच्या संसदेची दोन्ही सभागृहे एकत्र बसली होती. प्रजासत्ताकाचा नवा अध्यक्ष निवडणे एवढेच काम त्यांच्यापुढे होते. एका दिवसात उरकावे असे ते काम. पण त्याला जवळजवळ आठवडा लागला. एका पक्षाने ज्याला पुढे करावे त्याला दुसऱ्याने पाडावे, दुसऱ्याच्या उमेदवाराला तिसऱ्याने अडवावे, असा खेळ बारा फेऱ्या चालला आणि अखेर तेराव्या फेरीत रेने कोती या, प्रारंभी उमेदवारही नसलेल्या, सौम्य प्रकृतीच्या गृहस्थांची निवड झाली. त्यांचे कोणाशी वैर नव्हते, हीच त्यांची मोठी पात्रता ठरली. साऱ्या युरोपात या प्रकाराचे हसे झाले.

त्याच सुमारास पॅरिसपासून दूर, कोलोम्बे या आडवळणी खेड्यातील आपल्या घरात त्रेसष्ट वर्षांचे एक उंचपुरे निवृत्त सेनानी आपल्या युद्धस्मृती लिहीत बसले होते. राजकारणातील त्यांचा अध्याय संपला असे बहुतेकांनी धरून चालले होते. पुढे नऊ वर्षांनी याच चार्ल्स द गॉल यांनी अध्यक्षाच्या निवडीचा अधिकार संसदसदस्यांच्या आणि स्थानिक प्रतिष्ठितांच्या हातून काढून थेट मतदारांच्या हाती दिला. पक्षोपपक्षांच्या बेबंदशाहीतून राष्ट्राला सोडवावे, हा त्यामागील त्यांचा हेतू होता. प्रत्यक्षात त्या एका बदलाने फ्रान्सला प्रथमच शिस्तबद्ध आणि टिकाऊ पक्ष मिळाले. द गॉल यांच्या चरित्रातील ही विसंगती त्यांच्या लष्करी पराक्रमापेक्षा कमी वेधक नाही. अध्यक्षीय पद्धतीचा विचार करणाऱ्या कोणत्याही देशाने तर ती नीट समजून घ्यावी अशीच आहे.

द गॉल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९० रोजी लिल येथे झाला. घराणे कॅथलिक, वळण जुने, वडील शिक्षक. १८७० च्या पराभवाची सल त्या घरात ताजी होती आणि तिसऱ्या प्रजासत्ताकाविषयी फारसे प्रेम नव्हते. सैनिकी शिक्षण संपवून ते ज्या पलटणीत दाखल झाले तिचे प्रमुख कर्नल पेताँ होते. पहिल्या महायुद्धात मार्च १९१६ मध्ये व्हर्दँच्या रणभूमीवर जखमी होऊन ते जर्मनांच्या हाती लागले आणि युद्धाचा उरलेला सर्व काळ त्यांना कैदेत काढावा लागला. पाच वेळा त्यांनी पलायनाचा प्रयत्न केला आणि पाचही वेळा ते पकडले गेले. एवढ्या उंचीच्या माणसाला वेषांतर करून जर्मनीतून निसटणे अवघडच होते.

दोन युद्धांमधील काळात रणगाड्यांच्या स्वतंत्र आणि व्यावसायिक सैन्याची कल्पना त्यांनी १९३४ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. पॉल रेनो यांनी ती संसदेपुढे नेली. संसदेने ती फेटाळली. संसदेविषयीचा त्यांचा राग येथून वाढीस लागला. मात्र त्या कल्पनेला त्यांच्याच सेनाधिकाऱ्यांचाही तितकाच विरोध होता, हे विसरून चालणार नाही. १९४० चा पराभव सेनापतींनी आधी ओढवून घेतला आणि राजकारण्यांनी मग पत्करला. द गॉल यांनी मात्र दोषाचे माप राजकारण्यांच्या पदरात अधिक घातले. जुलै १९४० मध्ये व्हिशी येथे जमलेल्या संसदेने ५६९ विरुद्ध ८० मतांनी सर्वाधिकार वृद्ध पेताँ यांच्या स्वाधीन केले, तेव्हा आपले निदान बरोबर होते अशीच त्यांची खात्री झाली असणार.

त्यापूर्वी, १७ जून रोजी, ते विमानाने लंडनला निघून गेले होते आणि १८ जूनला ब्रिटिश नभोवाणीवरून त्यांनी प्रतिकाराचे आवाहन केले होते. तो इतिहास सर्वश्रुत आहे. या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. लंडनमध्ये बसलेल्या या सेनानीला कोणी निवडून दिलेले नव्हते. रूझवेल्ट यांना त्यांच्याविषयी विश्वास वाटत नव्हता. हा मनुष्य उद्याचा हुकूमशहा आहे असा त्यांचा संशय होता. तेव्हा फ्रान्स आपल्या पाठीशी आहे हे दाखविण्यासाठी द गॉल यांना जुन्या पक्षांचीच साक्ष काढावी लागली. मे १९४३ मध्ये जाँ मूलँ यांनी व्याप्त पॅरिसमध्ये प्रतिकार चळवळीची जी राष्ट्रीय परिषद भरविली, तीत भूमिगत संघटनांबरोबर राजकीय पक्षांनाही जागा देण्यात आल्या. ज्यांना ते देशाच्या अधःपाताबद्दल जबाबदार धरीत होते, त्यांच्याच सहीशिक्क्याने त्यांचे नेतृत्व सिद्ध झाले. ही देणेदारी त्यांनी पुढे कधी मोकळ्या मनाने मान्य केली नाही.

मुक्तीनंतर हे पक्ष आपला वाटा मागू लागले. ऑक्टोबर १९४५ च्या निवडणुकीत कम्युनिस्ट, समाजवादी आणि कॅथलिक विचारांचा लोकप्रजासत्ताकवादी पक्ष यांनी मिळून जवळजवळ तीन चतुर्थांश मते मिळविली. घटना समितीने द गॉल यांना एकमताने शासनप्रमुख निवडले खरे, परंतु खात्यांची वाटणी, लष्कराचा खर्च, घटनेचा आराखडा अशा प्रत्येक बाबतीत पक्षांशी घासाघीस करावी लागे. हे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. २० जानेवारी १९४६ रोजी त्यांनी तडकाफडकी राजीनामा दिला. देश आपल्याला लवकरच परत बोलावील, असा त्यांचा होरा होता. बोलावणे आले, पण बारा वर्षांनी.

त्याच वर्षी जूनमध्ये नॉर्मंडीतील बायो या गावी त्यांनी आपल्या मनातील घटना सांगितली. राष्ट्राचा प्रमुख पक्षांच्या वर असावा, त्याची निवड केवळ संसदेने न करता अधिक व्यापक मतदारसंघाने करावी, मंत्रिमंडळ त्याच्याकडून निर्माण व्हावे, असा तो आराखडा होता. तेथेही सार्वत्रिक मतदानाने अध्यक्ष निवडावा असे त्यांनी सुचविलेले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. याचे कारण फ्रान्सच्या इतिहासात होते. १८४८ मध्ये फ्रेंच मतदारांनी एकदा थेट अध्यक्ष निवडला होता. सुमारे तीन चतुर्थांश मते मिळवून निवडून आलेल्या त्या लुई नेपोलियनने तीन वर्षांतच प्रजासत्ताक मोडले आणि पुढे स्वतःला सम्राट म्हणवून घेतले. तेव्हापासून थेट निवडलेला अध्यक्ष म्हणजे सिंहासनाची पहिली पायरी, हे समीकरण प्रत्येक प्रजासत्ताकवाद्याच्या मनात पक्के बसले होते. १८७७ मध्ये अध्यक्ष मॅकमेहोन यांनी लोकप्रतिनिधिगृह विसर्जित करून पाहिले आणि मतदारांकडून ते तोंडघशी पडले. त्यानंतर तिसऱ्या प्रजासत्ताकात त्या अधिकाराला कोणीही हात लावला नाही. आपले घर कोणी मोडणार नाही अशी खात्री झालेल्या सभासदांना पक्षशिस्तीची गरज उरत नाही. मंत्रिमंडळ पाडणे ही मग बिनखर्चाची करमणूक होते.

चौथ्या प्रजासत्ताकात हेच पुन्हा घडले. ऑक्टोबर १९४६ च्या सार्वमतात एक तृतीयांश मतदारांनी घटनेला होकार दिला, जवळजवळ तेवढ्यांनीच नकार दिला आणि उरलेले मतदानाला फिरकलेच नाहीत. प्रमाणशीर प्रतिनिधित्वामुळे प्रत्येक छटेला सभागृहात जागा मिळे. बारा वर्षांत वीसहून अधिक मंत्रिमंडळे झाली. मात्र या काळाला केवळ नावे ठेवणे अन्यायाचे होईल. उद्योगांची पुनर्बांधणी, सामाजिक विम्याची घडी, जर्मनीशी समेट आणि युरोपीय समाईक बाजारपेठेचा पाया ही कामे याच अस्थिर मंत्रिमंडळांनी केली. त्यांना जमले नाही ते वसाहतींचे विसर्जन. आणि तेथेच ती बुडाली.

द गॉल यांनी या व्यवस्थेला आतून सुरुंग लावण्याचा प्रयत्न करून पाहिला. एप्रिल १९४७ मध्ये त्यांनी फ्रेंच जनतेची आघाडी स्थापन केली. हा पक्ष नव्हे, हे त्यांनी परोपरीने सांगितले. त्या वर्षीच्या नगरपालिका निवडणुकांत तिला अपूर्व यश मिळाले. परंतु संसदेची निवडणूक १९५१ पर्यंत आली नाही आणि येईतो मधल्या पक्षांनी कायदा असा बदलला होता की, परस्परांशी युती जाहीर करणाऱ्या याद्यांना एकत्रित बहुमत मिळाल्यास त्या जिल्ह्यातील सर्व जागा त्यांच्याच पदरात पडाव्यात. एकट्याने लढणाऱ्या कम्युनिस्टांची आणि द गॉलवाद्यांची त्यामुळे एकदमच कोंडी झाली. तरीही सुमारे १२० सभासद निवडून आले. ते नॅशनल असेंब्लीत बसले मात्र, आणि त्यांना सत्तेच्या खुर्च्या दिसू लागल्या. मार्च १९५२ मध्ये त्यांच्यापैकी २७ जणांनी नेत्याचा आदेश झुगारून पिने यांच्या मंत्रिमंडळाला मते दिली. वर्षभरातच, मे १९५३ मध्ये, द गॉल यांनी आपल्या सभासदांना मोकळे सोडले आणि ते कोलोम्बेला परतले. त्यांची अपंग मुलगी आन पाच वर्षांपूर्वी वारली होती. तिच्यावर त्यांचा फार जीव होता. स्मृतिग्रंथाचे लेखन आणि एकांत यांत पुढची वर्षे गेली.

या अपयशाचा अर्थ त्यांनी काय लावला, हे पुढील घटनांवरून दिसते. सभागृहाच्या निवडणुकीत जिंकून सभागृह बदलता येत नाही. निवडून आलेला सभासद नेत्याचा राहत नाही, तो आपल्या मतदारसंघाचा आणि आपल्या गटाचा होतो. त्याला बांधून ठेवायचे तर त्याच्या निवडणुकीपेक्षा मोठी आणि तिच्यावर सावली टाकणारी दुसरी एखादी निवडणूक हवी.

मे १९५८ मध्ये अल्जीरियातील फ्रेंच वसाहतवाल्यांनी आणि सेनाधिकाऱ्यांनी बंड केले. यादवीच्या भीतीने संसदेने १ जून रोजी ३२९ विरुद्ध २२४ मतांनी द गॉल यांच्या हाती सत्ता दिली. मिशेल दब्रे यांच्या देखरेखीखाली नवी घटना तयार झाली आणि सप्टेंबरमध्ये सुमारे ऐंशी टक्के मतदारांनी ती स्वीकारली. मंत्रिमंडळ नॅशनल असेंब्लीला जबाबदार, परंतु ते पाडायचे तर एकूण सभासदसंख्येच्या बहुमताने अविश्वास संमत झाला पाहिजे. आणि तो झालाच तर अध्यक्षाने सभागृह विसर्जित करावे, अशी तिची रचना होती. निवडणुकीसाठी एकसदस्य मतदारसंघ आणि दोन फेऱ्या ही जुनी पद्धत परत आणण्यात आली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत कम्युनिस्टांना जवळजवळ एकोणीस टक्के मते आणि अवघ्या दहा जागा मिळाल्या. ज्याला दुसऱ्या फेरीसाठी कोणी मित्र नाही, त्याची ही पद्धत काय गत करते, ते त्या दहा जागांनी दाखविले. अध्यक्षाची निवड मात्र तेव्हाही खासदार, नगराध्यक्ष, नगरसेवक अशा सुमारे ऐंशी हजार प्रतिनिधींच्या मतदारमंडळानेच केली.

पहिली चार वर्षे पक्ष गप्प राहिले, कारण अल्जीरियाचा प्रश्न सोडविणे त्यांच्यापैकी कोणालाच झेपणारे नव्हते आणि ते हलाहल द गॉल यांनीच पचवावे अशी सर्वांची इच्छा होती. मार्च १९६२ मध्ये एव्हियांचा करार झाला, अल्जीरिया स्वतंत्र झाला, आणि आता या वृद्ध सेनानीला सन्मानाने घरी पाठवावे असे विचार सुरू झाले. मे महिन्यात युरोपच्या प्रश्नावरून लोकप्रजासत्ताकवादी मंत्र्यांनी राजीनामे दिले. द गॉल हे सारे ओळखून होते. २२ ऑगस्टच्या संध्याकाळी पॅरिसजवळ पेती-क्लामार येथे त्यांच्या मोटारीवर मारेकऱ्यांनी बेछूट गोळीबार केला. पत्नी शेजारी होती. दोघेही केवळ दैवाने वाचले. महिन्याच्या आत त्यांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केले की, यापुढे अध्यक्षाची निवड सर्व मतदारांकडून व्हावी आणि त्यासाठी सार्वमत घेण्यात येईल. आपल्यानंतर येणाऱ्याजवळ १८ जूनची पुण्याई असणार नाही, तेव्हा त्याला जनतेच्या मतांचे बळ हवे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

युक्तिवाद बिनतोड होता. मार्ग बिनतोड नव्हता. घटनादुरुस्तीसाठी घटनेतच ८९ वे कलम होते आणि त्यानुसार दुरुस्ती आधी दोन्ही सभागृहांत संमत होणे आवश्यक होते. ती तेथे कधीच संमत झाली नसती. म्हणून द गॉल यांनी ११ व्या कलमाचा आधार घेतला. शासनसंस्थांच्या संघटनेविषयीची विधेयके सार्वमताला टाकण्याची त्यात सोय होती. आपणच चार वर्षांपूर्वी लिहवून घेतलेली घटना त्यांनी अशी वळसा घालून ओलांडली. सिनेटचे अध्यक्ष मॉनेरव्हील यांनी तर हा पदाचा द्रोह असल्याचा उघड आरोप केला. प्रस्तुत लेखकाच्या मते घटनेच्या शब्दांकडे पाहता टीकाकारांचीच बाजू बरोबर होती. पुढे सार्वमत झाल्यावर घटना परिषदेने जनतेच्या प्रत्यक्ष निर्णयाची तपासणी करणे आपल्या अधिकारात नाही असे सांगून अंग काढून घेतले. यशस्वी झालेल्या बेकायदा कृत्याला कायदा कसा शरण जातो, याचे ते एक सभ्य उदाहरण होय.

५ ऑक्टोबरच्या पहाटे नॅशनल असेंब्लीने पाँपिदू मंत्रिमंडळावरील अविश्वासाचा ठराव २८० मतांनी संमत केला. त्या चर्चेत संसदेची कैवारी बाजू सर्वांत प्रभावीपणे मांडली ती पॉल रेनो यांनी. १९३५ मध्ये रणगाड्यांची कल्पना संसदेपुढे नेणारे, १९४० मध्ये द गॉल यांना प्रथम मंत्रिमंडळात घेणारे, १९५८ मध्ये त्यांच्या घटनेच्या सल्लागार समितीचे अध्यक्षपद भूषविणारे हेच ते रेनो. द गॉल यांनी सभागृह विसर्जित केले. २८ ऑक्टोबरला सार्वमतात सुमारे बासष्ट टक्के मते त्यांच्या बाजूने पडली. महिन्याभरात निवडणूक झाली आणि द गॉलवाद्यांना ४८२ पैकी २३३ जागा मिळाल्या. जिस्कार द'एस्तँ यांच्या बरोबर जुन्या उजव्या पक्षातून फुटून आलेल्या गटाला धरून बहुमत पक्के झाले. रेनो त्या निवडणुकीत पराभूत झाले. तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. माँदेस-फ्रान्सही पडले. एका संबंध पिढीच्या संसदीय कारकिर्दीवर पडदा पडला.

येथपर्यंतचा इतिहास हा एका माणसाच्या लोकप्रियतेचा म्हणता येईल. खरी गंमत पुढे सुरू झाली. नव्या नियमानुसार पहिल्या फेरीत कोणालाही निर्विवाद बहुमत न मिळाल्यास दुसऱ्या फेरीत दोनच उमेदवार उभे राहू शकत होते. तेरा फेऱ्या नाहीत, तडजोडीचा तिसरा माणूस नाही. अवघ्या देशाला एका रविवारी दोन नावांपैकी एक निवडावे लागणार होते. याचा अर्थ काय होतो, हे पक्षनेत्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात आले. ज्या पक्षाजवळ अध्यक्षपदाला शोभेल असा उमेदवार नाही आणि त्या उमेदवाराला पन्नास टक्क्यांपर्यंत पोचविणारे मित्र नाहीत, तो पक्ष मोठ्या डावाबाहेर गेला. सभागृहात त्याच्या दहावीस जागा असतील. पण मतदाराच्या दृष्टीने तो गौण झाला. आणि सभासदांची निवडणूकही दोन फेऱ्यांची असल्यामुळे, अध्यक्षपदासाठी ज्याच्याशी हातमिळवणी करायची त्याच्यासाठीच मतदारसंघात माघार घेणे ओघाने आले. मोठ्या निवडणुकीचा साचा अशा रीतीने लहान निवडणुकीवर उमटला.

ज्यांनी हे प्रथम ओळखले ते फ्रांस्वा मितराँ. १९५८ मध्ये द गॉल यांच्या सत्तारोहणाला त्यांनी कडवा विरोध केला होता. नंतरही अध्यक्षाच्या वाढत्या अधिकारांवर त्यांनी सडकून टीका केली. पण डाव मांडला गेल्यावर तो त्यांनी सर्वांपेक्षा चांगला खेळला. समाजवादी नेते देफेर यांनी डाव्यांपासून कॅथलिक मध्यमार्गीयांपर्यंत एक मोठा संघ बांधण्याचा खटाटोप केला; तो जून १९६५ मध्ये फसला. सप्टेंबरमध्ये मितराँ पुढे आले. त्यांच्यामागे मोठा पक्ष नव्हता, म्हणूनच ते सर्वांना चालले. कम्युनिस्टांनी आपला उमेदवार न देता त्यांना पाठिंबा दिला. द गॉल पहिल्याच फेरीत जिंकणार असे धरून चालले होते आणि प्रचाराला ते जवळजवळ उतरलेच नाहीत. ५ डिसेंबर १९६५ रोजी त्यांना ४४.६ टक्के, मितराँ यांना ३१.७ टक्के आणि मध्यमार्गी लकान्यूए यांना १५.६ टक्के मते पडली. दुसरी फेरी अटळ झाली. १९ डिसेंबरला द गॉल ५५.२ टक्के मतांनी विजयी झाले.

विजय स्पष्ट होता, तरी त्यात एक पराभव दडलेला होता. स्वतःला साऱ्या राष्ट्राचे प्रतीक मानणारा पुरुष मतमोजणीनंतर राष्ट्राच्या एका भागाचा नेता ठरला होता. दुसऱ्या भागालाही आता नेता मिळाला होता आणि त्याच्याजवळ पंचेचाळीस टक्के मते होती. पक्षांच्या वर असलेला अध्यक्ष ही बायोची कल्पना ज्या पद्धतीने साकार व्हायची तिनेच ती अशक्य केली. थेट निवडणुकीत उतरलेल्या माणसाला बाजू घ्यावीच लागते. आणि त्याने नाही घेतली तरी मते मोजणारे ती त्याला चिकटवितात. द गॉल यांना हे कळले नसेल असे वाटत नाही. त्यांनी ते मान्य मात्र केले नाही.

सभागृहावर याचा परिणाम लगेच दिसला. डिसेंबर १९६६ मध्ये मितराँ यांच्या संघाने कम्युनिस्टांशी परस्परांसाठी माघार घेण्याचा करार केला. याची नांदी समाजवादी नेते गी मोले यांनी नोव्हेंबर १९६२ मध्येच, द गॉलवादी आणि कम्युनिस्ट यांच्यात निवड करायची झाल्यास कम्युनिस्टाला मत देण्याचा सल्ला देऊन केली होती. मार्च १९६७ मध्ये सत्ताधाऱ्यांना काठावरचे बहुमत मिळाले. लकान्यूए यांच्या मध्यममार्गाला दोन्ही बाजूंनी ओहोटी लागली. चौथ्या प्रजासत्ताकात प्रत्येक मंत्रिमंडळात हजर असणारा मध्य, जो वस्तुतः संसदीय फ्रान्सचा कणा होता, तो दोन कड्यांमध्ये सापडला. मे १९६८ च्या विद्यार्थी आणि कामगारांच्या उठावानंतर द गॉल यांनी सभागृह विसर्जित केले आणि जूनमध्ये त्यांच्या पक्षाला एकट्याच्या बळावर निर्विवाद बहुमत मिळाले. फ्रान्सच्या प्रजासत्ताकी इतिहासात असे पूर्वी कधी घडले नव्हते. पक्ष या शब्दाचा विटाळ मानणाऱ्याच्या नावावर हा विक्रम नोंदला गेला.

त्यांना त्याचे सुख झाले नाही. हा विजय भीतीचा आहे, आपला नव्हे, हे त्यांनी ओळखले असावे. पाँपिदू यांना त्यांनी दूर केले. एप्रिल १९६९ मध्ये सिनेटची पुनर्रचना आणि प्रादेशिक शासन या काहीशा रुक्ष विषयांवर त्यांनी सार्वमत मागितले आणि आपले अध्यक्षपद पणाला लावले. कोणी मागणी केली नव्हती, कायद्याची सक्ती नव्हती. ५२ टक्क्यांहून अधिक मते विरुद्ध पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पद सोडले आणि पुन्हा ते कोलोम्बेला गेले. हा प्रसंग त्यांच्यावर हुकूमशाहीचा आरोप करणाऱ्यांनी अवश्य आठवावा. ९ नोव्हेंबर १९७० रोजी संध्याकाळी पत्ते लावीत बसले असता त्यांना मृत्यू आला. त्यांच्या इच्छेप्रमाणे, कसलाही सरकारी समारंभ न करता, गावच्या दफनभूमीत मुलीच्या शेजारी त्यांना ठेवण्यात आले.

त्यांच्यामागे त्यांची व्यवस्था उरली आणि तिने आपले काम चालू ठेवले. १९६९ च्या निवडणुकीत फुटलेल्या डाव्यांपैकी कोणीच दुसऱ्या फेरीत पोचला नाही. समाजवादी देफेर यांना अवघी पाच टक्के मते मिळाली. त्या धड्यातून १९७१ मध्ये एपिने येथे नवा समाजवादी पक्ष मितराँ यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला आणि पुढच्या वर्षी त्याने कम्युनिस्टांशी समान कार्यक्रम केला. मे १९८१ मध्ये मितराँ अध्यक्ष झाले, त्यांनी सभागृह विसर्जित केले आणि जूनमध्ये समाजवाद्यांना एकट्यांचे बहुमत मिळाले. ज्या यंत्राला त्यांनी नावे ठेवली होती ते त्यांच्यासाठीही तितकेच बिनबोभाट चालले. सात वर्षांचा अध्यक्ष आणि पाच वर्षांचे सभागृह यांमुळे १९८६, १९९३ आणि १९९७ मध्ये अध्यक्ष एका बाजूचा आणि बहुमत दुसऱ्या बाजूचे अशी स्थिती आली. तीवर उपाय म्हणून २००० च्या सार्वमताने अध्यक्षाची मुदत पाच वर्षांवर आणण्यात आली आणि सभागृहाची निवडणूक अध्यक्षाच्या निवडणुकीनंतर लगेच ठेवण्यात आली. २००२ मध्ये शिराक यांच्या पाठीराख्यांनी जो पक्ष काढला त्याचे पहिले नावच अध्यक्षीय बहुमतासाठी संघ असे होते. एवढा प्रांजळपणा राजकारणात विरळाच.

आपल्याकडे अध्यक्षीय पद्धतीची चर्चा अधूनमधून उसळते आणि तेव्हा द गॉल यांचे नाव हटकून निघते. १९८० च्या दशकात वसंतराव साठे यांनी या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला होता. अंतुले यांचाही कल तिकडेच होता. आयाराम-गयारामांना कंटाळलेल्या वाचकाला ती आकर्षक वाटते यात नवल नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकर यांनी स्थैर्य आणि जबाबदारी यांतील फरक स्पष्ट केला होता आणि आपण जबाबदारीला अधिक महत्त्व दिले असल्याचे सांगितले होते. फ्रान्सचे उदाहरण देणारे दोन गोष्टी नजरेआड करतात. एक तर, पक्षांची संख्या केवळ अध्यक्षाच्या निवडणुकीमुळे घटत नाही. ब्राझीलमध्ये अध्यक्ष थेट निवडला जातो, दुसरी फेरी दोघांतच होते, १९९४ पासून सभागृहाची निवडणूकही त्याच दिवशी होते. तरीही प्रमाणशीर प्रतिनिधित्वामुळे तेथील सभागृहात वीसहून अधिक पक्ष बसत आले आणि प्रत्येक अध्यक्षाला त्यांची मोळी बांधावी लागली. फ्रान्समध्ये दोन फेऱ्यांचे एकसदस्य मतदारसंघ आणि विसर्जनाचा अधिकार यांची जोड मिळाली म्हणून तो परिणाम झाला. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. अध्यक्षाच्या पुण्याईवर निवडून आलेला सभासद अध्यक्षाला प्रश्न विचारीत नाही. स्थैर्य मिळते ते या मौनाच्या मोबदल्यात. फ्रान्सचे सभागृह गेल्या अर्धशतकात पाडापाडी विसरले, त्याबरोबर देखरेखही बरीच विसरले.

शिवाय जे यंत्र पक्ष घडविते ते पक्ष मोडूही शकते. एप्रिल २०१६ मध्ये इमान्युएल मॅक्राँ यांनी एक चळवळ काढली; पुढच्या वर्षी ते अध्यक्ष झाले आणि महिन्याभरात त्यांच्या पक्षाला ५७७ पैकी ३०८ जागा मिळाल्या. त्यांतील कितीतरी सभासदांनी त्यापूर्वी कोणतीच निवडणूक लढविली नव्हती. २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत समाजवाद्यांना दोन टक्क्यांहूनही कमी आणि द गॉल यांचा वारसा सांगणाऱ्या पक्षाला पाच टक्क्यांहून कमी मते मिळाली. दुसऱ्या फेरीत मॅक्राँ आणि अतिउजव्या ल पेन समोरासमोर होते. द गॉल यांनी कड्यांमध्ये सापडवून संपविलेला मध्य आता स्वतःच सत्तेच्या जागी बसला होता आणि विरोधाची जागा दोन टोकांकडे गेली होती. त्या वर्षी सभागृहात अध्यक्षांचे बहुमत हुकले. जून २०२४ मध्ये त्यांनी सभागृह विसर्जित केले आणि तीन तुकड्यांचे सभागृह निवडून आले. त्यांतील कोणत्याही दोन तुकड्या एकत्र नांदण्यास तयार नव्हत्या. ४ डिसेंबर २०२४ रोजी बार्निए मंत्रिमंडळाविरुद्धचा अविश्वासाचा ठराव ३३१ मतांनी संमत झाला. रेनो यांनी चौऱ्याऐंशीव्या वर्षी उभे राहून पाँपिदू यांच्याविरुद्ध भाषण केले त्या ऑक्टोबरनंतर, म्हणजे बासष्ट वर्षांनी, अशा ठरावाने पडलेले हे पहिलेच मंत्रिमंडळ. पुढच्या सप्टेंबरमध्ये बायरू यांनी स्वतःहून विश्वास मागितला आणि तेही गेले. मंत्रिमंडळे पुन्हा महिन्यांच्या हिशेबाने मोजली जाऊ लागली, आणि ती पाडणारे गट चर्चा करीत होते ती पुढील मंत्रिमंडळाची नव्हे, तर २०२७ साली अध्यक्षपदासाठी कोणाला उभे करायचे याची.